‘पैसे संपत आले आहेत’

कोल्हापुरात पैसे जमवणं अवघड नाही. गणपती, शिवजयंती, तालमीचा फुटबॉल संघ, खासबागेतलं मैदान, पेठेतल्या होतकरू पैलवानाचा खुराक, कुणाच्या तरी बायपासचा खर्च, पंचगंगेला पूर आला तर पूरग्रस्त आणि नळाला पाणी आलं नाही तर मोर्चा. कारण कुठलंही असो, चार पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिली की इथला माणूस आधी खिशात हात घालतो आणि मग विचारतो, “कशाचं हाय रं?” अशा या दिलदार शहरात वर्गणी ज्या एकाच कारणापुढे हरली, ते शोधून काढण्याचा मान माझ्याकडे जातो. ते कारण म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरची देखभाल.

माझं दुकान राजारामपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावरच्या माळ्यावर आहे. पाटीवर ‘वेब सोल्युशन्स’ असं लिहिलंय. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, मंगल कार्यालयं, गुळाचे अडते, चपलांचे दुकानदार आणि निवडणूक जवळ आली की भावी नगरसेवक. यांच्या वेबसाईटी मी बनवतो, असं मी सांगतो. खरी गोष्ट अशी की वर्डप्रेस नावाचं फुकट सॉफ्टवेअर मी इंटरनेटवरून उतरवून घेतो, त्याला गिऱ्हाईकाच्या पक्षाचा रंग देतो, वर संस्थापकांचा फोटो चढवतो आणि बिल फाडतो. बिलात ‘सॉफ्टवेअर विकास’ अशी एक ओळ असते. तो विकास बहुतेक सगळा दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेला असतो.

हे दुसरे कोण, तेही सांगतो. २००३ च्या मे महिन्यात मॅट मुलनवेग हा अमेरिकेतला कॉलेजात शिकणारा पोरगा आणि माइक लिटल हा इंग्लंडमधला प्रोग्रामर, या दोघांनी वर्डप्रेस बाहेर काढलं. तेसुद्धा शून्यातून नाही. मिशेल वाल्ड्रिगी नावाच्या माणसाचं बी-टू हे सॉफ्टवेअर होतं, त्यावरचं काम थांबलं होतं, तेच या दोघांनी पुढे नेलं. आज जगातल्या दर दहा वेबसाईटींतल्या चाराहून जास्त वर्डप्रेसवर चालतात. याचीच भावकी म्हणजे २००१ चं ड्रुपल आणि २००५ चं जुमला. या सगळ्यांना सीएमएस म्हणतात. पतसंस्थेच्या क्लार्कला ठेवींचे दर बदलायचे असतील तर त्यानं मला फोन न करता स्वतःच लॉगिन करून बदलावेत, एवढ्यासाठी हे यंत्र जन्माला आलं. क्लार्क तरीही मलाच फोन करतो, हा यंत्राचा दोष नाही.

वर्डप्रेसचा परवाना जीपीएल. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, हवं तर विका. अट एवढीच की तुम्ही ज्याला द्याल त्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे. ओपन सोर्स म्हणतात ते हेच. एवढं सगळं वाचून मी भारावलो आणि समाजाचं ऋण फेडायचं ठरवलं. मध्यमवर्गीय माणसाला समाजाचं ऋण आठवतं तेव्हा घरच्यांनी सावध व्हायला हवं. आमच्या घरी ती सावधगिरी कुणी बाळगली नाही.

मी एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं जादा सॉफ्टवेअर, लिहिलं. पतसंस्थेच्या साईटवर ठेवींचे दर, वार्षिक सभेची नोटीस आणि अहवाल नीट मराठीत दाखवणारं. आकडे देवनागरीत आणि स्वल्पविराम आपल्या हिशेबानं, म्हणजे १२,३४,५६७. परदेशी पद्धतीनं १,२३४,५६७ असं छापलं की सभासदांना आपली ठेव कमी झाली असं वाटायचं, म्हणून ही सोय. प्लगइन मी फुकट सोडलं. सांगली, सातारा, बेळगाव, पार नाशिकपर्यंतच्या संस्थांनी ते लावलं. मी पत्नीला नकाशावर दाखवलं, “इथं, इथं आणि इथंसुद्धा.” ती म्हणाली, “आणि पैसे कुठं?” नकाशावर ते दिसत नव्हते.

सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की झालं, हा समज मीही बाळगून होतो. पीएचपी या भाषेवर वर्डप्रेस चालतं. तिची आठवी आवृत्ती २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि आधी जिथं ती नुसती कुरकुर करून पुढे जायची तिथं आता सरळ ठप्प होऊ लागली. जुन्या ७.४ ला सुरक्षेचे ठिगळ मिळणं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झालं. मग सर्व्हरवाले एकेक करून नव्या पीएचपीवर गेले आणि एकेका गावातून माझे आकडे गायब होऊ लागले. वर्डप्रेसच्या नव्या आवृत्त्या वर्षातून दोन-तीनदा येतात, त्या वेगळ्याच. रात्री जेवणं झाली की मी लॅपटॉप उघडायचा आणि कधीही न भेटलेल्या सचिवांची साईट दुरुस्त करायची. त्यांची पत्रं यायची. बेळगावच्या सचिवांचं एक अजून तोंडपाठ आहे: “आमची साईट आठवडाभर बंद आहे. आपणांस जबाबदारीची जाणीव नाही काय? कळावे, लोभ असावा.” या गृहस्थांनी मला दमडी दिली नव्हती. लोभ मात्र माझ्याकडून हवा होता.

पत्नीनं एकदा सरळ विचारलं, “ह्यात मिळतं काय?” मी म्हटलं, “अगं, मोठमोठ्यांची हीच गत आहे. अर्ध्या जगाच्या ऑनलाइन बँकिंगचं कुलूप म्हणजे ओपनएसएसएल. २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं, तेव्हा कळलं की त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम २ हजार डॉलर.” ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला मोठ्या माणसांनासुद्धा कोण देत नाही हे आधीपासून माहीत होतं, तरी केलंत.” या युक्तिवादावर जीपीएलमध्ये काही उत्तर नाही.

तेव्हा पैसे उभे करायचं ठरलं. पहिला मार्ग सोपा होता. प्लगइनच्या पानावर ‘मदत करा’चं बटण. पेपालनं भारतातल्या भारतात पैसे घेणं एप्रिल २०२१ पासून थांबवलेलं, म्हणून यूपीआयचा क्यूआर लावला. दुसऱ्याच दिवशी खात्यात एक रुपया आला. मी हरखलो. मागून त्याच माणसाचा निरोप आला, “चालतंय काय बघत होतो. चालतंय. शुभेच्छा.” त्यानंतर बऱ्याच जणांनी चालतंय काय ते बघितलं. एका पतसंस्थेनं मात्र गांभीर्यानं घेतलं आणि विचारलं, “करसवलतीची ८०जीची पावती मिळेल काय?” मी धावत आमच्या सीएकडे गेलो.

सीएनं चष्मा कपाळावर चढवला. “हे दान आहे का विक्री?”

“तसं बघितलं तर दान.”

“मग ट्रस्ट कुठं आहे? धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी? ८०जी आधी ट्रस्टला मिळतं, तुला न्हवं.”

“मग विक्री म्हणा.”

“मग माल कुठं आहे? तो तर फुकट ठेवलायस. फुकट मालाचं बिल कसं करणार?”

“मग भेट म्हणा.”

“चालेल. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५० हजारांच्या वर भेट आली तर कर लागतो.” एवढं बोलून त्यानं खात्याचा उतारा बघितला आणि चष्मा परत नाकावर घेतला. “तुला काळजी नाही.” त्याची फी मी रोखीनं दिली. ओपन सोर्ससाठी कोल्हापुरात झालेला तो पहिला मोठा आर्थिक व्यवहार.

दुसरा मार्ग आमच्या तालमीचा. वस्ताद कट्ट्यावर बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं. सर्व्हरचं भाडं, वेळ, सुरक्षा, जगभरातले स्वयंसेवक. वस्तादांनी शेवटी एवढंच विचारलं, “किती पायजेत?” मी आकडा सांगितला. “हात् मर्दा, एवढ्यासाठी रडालायस व्हय? पोरानू, पावतीपुस्तक काढा.”

नवं पुस्तक छापायला वेळ नव्हता. गणेशोत्सवातलं उरलेलं काढलं, वरचं ‘सार्वजनिक गणेशोत्सव’ खोडलं आणि तिथं पेनानं ‘ओपन सोर्स’ लिहिलं. बाप्पांचा फोटो तसाच राहिला. पोरांनी दोन संध्याकाळींत पेठ पालथी घातली. “ह्यो कुठं बसणार?” असं एका आजींनी विचारलं तर पोरांनी “इंटरनेटवर” असं सांगितलं. आजींनी ५१ रुपये दिले आणि आरतीची वेळ विचारली. पैसे जमले. मी मागितले त्याहून जास्त जमले. माझा माणुसकीवरचा विश्वास आकाशाला भिडला आणि रात्रभर तिथंच राहिला.

सकाळी तालमीसमोर फ्लेक्स लागलेला होता. वीस फुटी. मधोमध वस्ताद, भोवती कार्यकर्ते, कोपऱ्यात मी, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून. ‘ओपन सोर्सचे आधारस्तंभ’. संध्याकाळी शुभारंभाला साउंड, पोरांना टी-शर्ट आणि कार्यकर्त्यांना जेवण. पोरांनी दोन संध्याकाळी राबून पैसे गोळा केले, त्यांना तांबडा-पांढरा नको म्हणायची कुणाची छाती आहे? हिशेब फळ्यावर लिहिला गेला तेव्हा जमेपेक्षा खर्च पुढे गेला होता. वस्तादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्याच कामाचं हाय न्हवं? वरचं तू घाल.” मी घातले.

मग तिसरा मार्ग, जो जगभर मान्य आहे. मूळ प्लगइन फुकट आणि जादा सोयींची ‘प्रो’ आवृत्ती विकत. घोस्ट नावाच्या सीएमएसचं घर असंच काहीसं चालतं. जॉन ओ’नोलन यांनी २०१३ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या साईटवर २५ हजार पौंड मागितले, लोकांनी त्याच्या सातपटीहून जास्त दिले. त्यातून ना-नफा संस्था उभी राहिली आणि आज ती होस्टिंगच्या पैशावर चालते. सॉफ्टवेअर फुकट, सांभाळण्याचे पैसे. मी ‘प्रो’मध्ये सोन्याच्या तारणावर किती कर्ज मिळेल ते सांगणारं यंत्र घातलं आणि किंमत लावली.

पहिली प्रत माझ्या धाकट्या साडूनं घेतली. नात्यातल्या माणसानं पैसे मोजून घेतली म्हणून मी सासरी कौतुक केलं. मग विक्री थांबली, पण वापर वाढत गेला. शोध घेतला तेव्हा समजलं की साडू ती प्रत व्हॉट्सॲपच्या गटात निम्म्याहून कमी किमतीत विकत होता. मी तणतणत इस्लामपूरला गेलो. त्यानं शांतपणे माझंच परवान्याचं पान मोबाईलवर उघडून दाखवलं. “दाजी, तुम्हीच लिहिलंय, वाटा, विका. वाईट वाटत असंल तर परवाना बदला. पण वर्डप्रेसला जोडून चालतंय, म्हणजे जीपीएलच ठेवाय लागंल, व्हय का न्हाई?” कायद्याचं एवढं स्वच्छ ज्ञान मी आमच्या नात्यात प्रथमच बघत होतो. मेहुणीनं चहात साखर जास्त घातली होती, पण तोंडाची चव परत आली नाही.

याच सुमारास बड्यांच्या घरातही टक्क्यांवरून वाजलं. वर्डप्रेसच्या जिवावर धंदा करणाऱ्यांनी आपल्या बळाचा ५ टक्के वाटा परत त्याच कामाला द्यावा, असं मुलनवेग यांनी २०१४ मध्येच सुचवलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर जाहीर टीका केली, उत्पन्नाच्या ८ टक्के मागितले आणि महिना उलटायच्या आत प्रकरण कोर्टात गेलं. जानेवारी २०२५ मध्ये मुलनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीनं वर्डप्रेसच्या कामाला दिलेला आपला वेळही आवळला आणि तो आठवड्याला ४५ तासांवर आणला. मी हे सगळं वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, “आठ टक्के? मग बरोबर हाय की. भांडान टक्क्यावरनंच लागतंय.”

आपल्याकडे मदतीचे दरवाजे अगदीच बंद आहेत असंही नाही. झिरोधा या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीनं २०२४ मध्ये फ्लॉस फंड काढला, ओपन सोर्ससाठी वर्षाला १० लाख डॉलर. मी अर्ज उघडला. त्यात सगळ्यात लहान मदत १० हजार डॉलरची. मला हवं होतं सर्व्हरचं भाडं आणि रात्रीच्या चहाची पावडर. एवढ्या रकमेचा विनियोग कसा करणार, या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. हात पसरायलासुद्धा एक दर्जा लागतो, आणि मी त्याच्या खाली होतो. अर्ज मिटला.

आता उरलं माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. शहरातली एक जुनी पतसंस्था, नाव सांगत नाही. चेअरमन साहेबांनी मिसळीच्या हॉटेलात बोलावलं.

“तू म्हणालतास सॉफ्टवेअर फुकट हाय.”

“फुकटच आहे साहेब.”

“मग पैसे कशाचे?”

तेवढ्यात त्यांनी पोऱ्याला कटासाठी हाक मारली. पोऱ्यानं वाटीत तांबडालाल कट ओतला. मला युक्ती सुचली. “साहेब, हा कट फुकट की नाही?”

“फुकटच की. कोल्हापुरात कटाचे पैसे कोण घेतंय?”

“पण मिसळीचे घेतात. मिसळीच्या पैशात कट निघतो. आमच्याकडे काय झालंय, सगळं गाव नुसता कट पितंय आणि मिसळ कोणीच सांगत नाही.”

चेअरमन साहेब विचारात पडले. बराच वेळ वाटीकडे बघत राहिले. मला वाटलं, पटलं. मग ते म्हणाले, “असं असंल तर हॉटेलवाल्यानं कट बंद करावा.” आणि माझ्या मिसळीचे पैसे त्यांनी दिले. मी त्यांच्याकडून आजवर मिळवलेली ती एकमेव देणगी.

त्या रात्री मला ड्रुपलची गोष्ट आठवली. ड्रीस बायटार्ट हा बेल्जियमचा पोरगा. अँटवर्पच्या विद्यापीठात शिकत असताना त्यानं ड्रुपल लिहिलं. २००५ च्या जुलैमध्ये गर्दीच्या भारानं प्रकल्पाचा सर्व्हर बसला. त्यानं साईटवर सगळं काढून एकच पान ठेवलं. सर्व्हर गेलाय, ३ हजार डॉलर हवेत, मदत करा. चोवीस तासांत सुमारे १० हजार जमले. सन या कॉम्प्युटर कंपनीनं एक सर्व्हर देऊ केला आणि ओरेगन स्टेट विद्यापीठानं तो ठेवायला जागा. पुढे ड्रुपल असोसिएशन झाली, संमेलनं झाली, २०१६ मध्ये तर ड्रुपलवाले मुंबईच्या आयआयटीत जमले. सगळ्याच्या मुळाशी एक प्रामाणिक पाटी. मला साक्षात्कार झाला. मी आजवर पावत्या, फ्लेक्स, ‘प्रो’ असले उद्योग केले. साध्या शब्दांत गरज सांगितलीच नव्हती.

मी प्लगइनमध्ये एक पाटी घातली. ‘पैसे संपत आले आहेत. काम चालू ठेवायचे असेल तर कृपया आजच मदत करा.’ खाली माझा क्यूआर. पाटी फक्त आतल्या बाजूला, म्हणजे साईट सांभाळणाऱ्या क्लार्कलाच दिसावी, याची मी काळजी घेतली. वर्डप्रेसमध्ये ‘आपण ॲडमिनच्या बाजूला आहोत का’ असं विचारणारी एक ओळ आहे. ती लिहिली आणि झोपलो.

त्या ओळीचा स्वभाव जाणकारांना माहीत असतो. बाहेरच्या पानावरचा एखादा तक्ता पान उघडल्यावर मागच्या दारानं माहिती मागवतो, तेव्हाही ती ओळ ‘होय, ॲडमिनच’ असं सांगते. माझा ठेवींच्या दरांचा तक्ता नेमकी अशीच माहिती मागवायचा. शिवाय सगळ्या गिऱ्हाईकांच्या साईटवर प्लगइन आपोआप अद्ययावत होण्याची सोय मीच मोठ्या अभिमानानं चालू करून ठेवली होती. रात्रीतून पाटी गावोगाव पोचली.

सोमवारी सकाळी त्या जुन्या पतसंस्थेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात शीर्षक होतं: ‘आमच्या आकर्षक ठेव योजना’. त्याखाली लगेच: ‘पैसे संपत आले आहेत. काम चालू ठेवायचे असेल तर कृपया आजच मदत करा.’

बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. त्यामुळे पतसंस्थेच्या ठेवीदाराची झोप मुळातच सावध असते. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सकाळच्या चहाबरोबर ते पान बघितलं, त्याचा फोटो काढला आणि पेन्शनरांच्या गटावर टाकला, वर ‘काळजी घ्या’ असं लिहून. दहाला शटर वर गेलं तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. लोक ठेवीच्या पावत्या पिशवीतून न आणता छातीशी धरून आले होते.

मला फोन आला. चेअरमन साहेबांचा आवाज एवढा शांत मी कधी ऐकला नव्हता. “वर ये,” ते म्हणाले. मी पोचलो तेव्हा ते खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, “संस्था भक्कम हाय! एकाबी माणसाचा पैसा बुडनार न्हाई!” आणि लोक एकमेकांना सांगत होते, “खुर्चीवर चढून बोलाय लागलाय म्हंजे नक्कीच गडबड हाय.” शेवटी त्यांनी जिल्हा बँकेतून रोकड मागवली आणि नोटांच्या गड्ड्या काउंटरवर सगळ्यांना दिसतील अशा रचून ठेवल्या. पहिल्या काही जणांनी पैसे घेतले, मोजले, आजूबाजूला बघितलं आणि त्याच काउंटरवर परत भरले. दुपारपर्यंत रांग विरली. मी पाटी उतरवली. इतर गावांतल्या साईटवरचीही उतरवली, पण बेळगावच्या सचिवांचं पत्र त्याआधीच येऊन पडलं होतं. या वेळी लोभ नव्हता.

खरा धक्का संध्याकाळी बसला. मी खातं उघडलं तर त्यात पैसे होते. ५१, १०१, ११, एकाचे तर ५०१. शेऱ्याच्या जागी लोकांनी लिहिलं होतं, ‘संस्था जगली पाहिजे’, ‘आमच्या आजोबांचे खाते’, ‘फूल ना फुलाची पाकळी’. पाटीवरचा क्यूआर संस्थेचा समजून लोकांनी पतसंस्थेला वाचवायला पैसे पाठवले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाहनाला कोल्हापुरानं भरभरून साथ दिली होती, आणि सायबर पोलिसांकडे जाण्याआधी ते सगळे पैसे परत करायला चेअरमन साहेबांनी मला रात्रीपर्यंतची मुदत दिली होती.

प्रकरण वार्षिक सभेत आलं. ‘ऐनवेळच्या विषयां’त, ‘वेबसाईटवरील मजकुराबाबत खुलासा’. आमच्याकडच्या सभेत अहवाल वाचून पुरा व्हायच्या आत ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि मागच्या बाजूनं सवयीनं ‘नामंजूर’ येतं. माझा खुलासाही सुरुवातीलाच मंजूर आणि नामंजूर झाला. तेवढ्यात ते मुख्याध्यापक उठले.

“एक प्रश्न. ही साईट आपण किती वर्षं वापरतो?”

“बरीच,” मी म्हटलं.

“आणि त्यातला तुमचा हा जो भाग आहे, तो दुरुस्त करायला किती माणसं आहेत?”

“मी.”

“तुम्हाला पगार कोण देतं?”

“कोणी नाही.”

“म्हणजे उद्या तुम्हाला काही झालं तर आमच्या ठेवींचे आकडे कोण दाखवणार?”

सभागृहात पहिल्यांदाच मंजूर-नामंजूर दोन्ही थांबलं. माझ्या प्रकृतीबद्दल एवढ्या लोकांना एकदम वाटलेली ती पहिली काळजी. एकानं तर तिथल्या तिथं विचारलं, “बी.पी. बिपी हाय काय तुमास्नी?”

चेअरमन म्हणाले, देणगी देऊन टाकू. लेखापरीक्षक ताडकन उठले. फुकट मिळणाऱ्या वस्तूला देणगी कुठल्या खात्यातून दाखवणार? आक्षेप निघेल. पुन्हा गोंधळ. मग संस्थेचे जुने मॅनेजर, ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणाले, “जनरेटर आपला हाय, तरी दर वर्षी देखभालीचा करार करतोयच की. लिफ्टचा करतोय. एसीचा करतोय. ह्याचा करा.” एवढं सोपं होतं. करार, बिल, जीएसटी, टीडीएस, खर्चाचं खातं तयार. पाच मिनिटांत ठराव झाला. मागून ‘नामंजूर’ आलं, पण त्यात जोर नव्हता.

त्या करारानंतर आणखी काही संस्थांनीही तसाच करार केला. बेळगावनं केला नाही. साडूनं मात्र केला, आणि कमिशनही मागितलं.

घरी मी विजयी मुद्रेनं आलो. पत्नीनं करार वाचला, नीट घडी घातली आणि विचारलं, “बरं झालं. आणि तुम्ही त्या वर्डप्रेसवाल्यांना आजवर किती दिलेत?” मी खोलीतला पंखा बघितला. माझं दुकान, स्कूटर, माळ्याचं भाडं, पाटीवरचं ‘सोल्युशन्स’ हे सगळं ज्याच्या जिवावर उभं होतं, त्याला मी एक रुपयासुद्धा पाठवला नव्हता. चालतंय काय ते बघायलासुद्धा नाही.

आता मी त्या ५ टक्क्यांचा हिशेब माझ्यापुरता लावलाय. आठवड्याच्या चाळीस तासांचे ५ टक्के म्हणजे दोन तास. तेवढा वेळ मी वर्डप्रेसच्या मराठी भाषांतराला देतो. तिथंही पगार नाही आणि तिथंही लोक चुका काढतात, पण निदान यात कुणाची ठेव अडकलेली नाही.

तेव्हा संस्थाचालकांनो, दुकानदारांनो, मुख्याध्यापकांनो आणि भावी नगरसेवकांनो, एक विनंती. तुमची साईट कुठल्या सॉफ्टवेअरवर चालते ते एकदा विचारा. ते फुकट असेल तर पुढचं विचारा की ते सांभाळतं कोण. मग त्या माणसाशी देखभालीचा रीतसर करार करा, बिल मागा, लेखापरीक्षकाला दाखवा. बिल करणारं कुणी नसेल तर तुमच्याकडे काम करणाऱ्या एखाद्या पोराचे आठवड्यातले दोन तास त्या कामाला सोडा. आणि हे सगळं करण्याआधी कुणाचा तरी क्यूआर दिसला म्हणून पैसे पाठवू नका. तो माझा असण्याची शक्यता अजूनही आहे.